चौदा नंबरचा आळ

शंकरप्पा अंबिगेर याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता एकोणतीस फेब्रुवारी एकोणीसशे शहात्तर. लीप वर्षाने त्याला एक दिवस जास्तीचा दिला होता, पण तो नेमका रविवार निघाला. "सरकार देतं ते असं," असे तो ज्याला त्याला सांगे आणि मिशीतल्या मिशीत हसे.

तीस वर्षे तो सोलापूरच्या एका सरकारी कचेरीत खलाशी होता. सोलापूरला समुद्र नाही, बंदर नाही, मग खलाशी कशाला, असे बाहेरगावचे पाहुणे हटकून विचारत. त्याचे उत्तर असे की सरकारी भाषेत साखळी, दोरी किंवा झेंडा यांपैकी काहीही हातात धरून उन्हात उभा राहणारा माणूस म्हणजे खलाशी. शंकरप्पा मात्र नावाप्रमाणे खरोखरच पाण्यातला होता. अंबिगेर म्हणजे नावाडी. त्याचा बाप भीमेच्या दक्षिण काठी गुळाच्या काहिलीत माणसे बसवून पैलतीराला सोडायचा. काहील गोल, तिला ना पुढा ना मागा. तिच्यातून जो सरळ जाऊ शकतो त्याला होडी म्हणजे पोरखेळ, असे शंकरप्पा म्हणे, आणि ते खरेही होते.

कचेरीत त्याचे मुख्य काम वर्षातून एकदाच येई, पण ते दुसऱ्या कोणाला जमत नसे. सोलापूरपासून नऊ मैलांवर, अक्कलकोटच्या दिशेला, पिंपळदरीचा तलाव आहे. पावसाळा सरला, पाणी निवळले, की त्या तलावाची खोली मोजायची. तलावाच्या दोन्ही काठांवर समोरासमोर बावीस-बावीस दगड रोवलेले, त्यांवर नंबर कोरलेले. एका काठच्या दगडापासून समोरच्या त्याच नंबरच्या दगडापर्यंत होडी न्यायची आणि वाटेत ठरावीक अंतरावर दोरीला बांधलेला शिशाचा गोळा तळाला टेकवायचा. सांडव्याच्या पातळीपासून तळ किती फूट खाली, हे कारकुनाने नोंदवहीत लिहायचे. दर वर्षी गाळ किती साचला ते त्यावरून कळे.

दोरीच्या बाबतीत शंकरप्पा सोवळ्यातल्या बाईसारखा होता. त्याची दोरी दुसऱ्याने हाताळलेली त्याला खपत नसे. नवी दोरी पाण्यात गेली की आखडते. कोरडी मोजून तिच्यावर खुणा केल्या तर खुणा एकमेकींच्या जवळ सरकतात आणि दहा फुटांचे पाणी साडेदहा भरते. म्हणून तो नवी दोरी आधी दोन दिवस हौदात भिजत घाली, तिला दगड बांधून ताण देई, आणि ओलीच असताना खुणा बांधी. खुणा शेजारच्या मागावरच्या उरलेल्या रंगीत सुताच्या: पाचाला लाल, दहाला हिरव्या. "कोरडी दोरी आन् कोरडा पाव्हणा, दोगं बी खोटं बोलत्यात," हे त्याचे ठरलेले वाक्य. गोळ्याच्या बुडाला एक खळगा होता. त्यात तो मेण भरी. मेणाला चिकटून तळाची माती वर येई आणि तळ गाळाचा की मुरमाचा ते दिसे.

या तलावात चौदा नंबरच्या रेषेवर एक मौजेची जागा होती. तलाव बांधण्यापूर्वी तिथून ओढा वाहत असे. त्या ओढ्याने खडकात घळ कापून ठेवली होती. घळ जेमतेम पाच फूट रुंद, दोन्ही बाजू भिंतीसारख्या उभ्या. आजूबाजूचा तळ वीस फुटांवर, घळीचा तळ अठ्ठावीस फुटांवर. बहात्तरच्या दुष्काळात सगळा तलाव भाजल्या पापडासारखा तडकला, तेव्हा या घळीत पाणी शिल्लक होते आणि पिंपळदरीच्या बायका तिथूनच घागरी भरत होत्या.

शंकरप्पा या घळीला 'आळ' म्हणे. त्याच्या घरी कन्नड बोलत, आणि कन्नडात आळ म्हणजे खोली, खोल जागा. मराठीत आळ म्हणजे काय ते सांगायला नको. जुने कारकून चनबसप्पा अक्कलकोटकडचे, त्यांच्याही घरी कन्नडच. त्यामुळे चौदा नंबरशी गोळा खाली गेला आणि शंकरप्पा "अठ्ठावीस, आळ" असे ओरडला की चनबसप्पा विचार न करता तसेच लिहून टाकत. आकड्याच्या रकान्यात अठ्ठावीस, मोजणाऱ्याच्या रकान्यात शं. अंबिगेर, आणि शेऱ्याच्या रकान्यात आळ. अशी सलग अकरा वर्षे. मग चनबसप्पा निवृत्त होऊन मंगळवेढ्याला लेकीकडे गेले, आणि नोंदवही कपाटात गेली.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उठली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून एक जीप आली. तिच्या मागे मोटरबोट बांधलेली आणि आत गोधडीत गुंडाळलेली एक पेटी. सोबत तिशीतले एक सडसडीत साहेब होते. त्यांचे नाव कचेरीत कोणी घेतले नाही. पहिल्याच दिवशी शिपायाने त्यांना 'मशीनसाहेब' म्हटले आणि तेच रूढ झाले. आता तलावाची खोली मशीन मोजणार होते. शंकरप्पाला झेंडा धरायला बोटीत घेतले.

मशीनमधून एक वायर निघून पाण्यात बुडवलेल्या भोंग्यासारख्या डब्याला जात होती. पेटीत कागदाची गुंडाळी फिरत होती आणि एक सुई कागद भाजत त्यावर रेघ काढत होती. बोटभर धूर आणि जळक्या कागदाचा वास. शंकरप्पाने तासभर निरखले आणि मग त्याला राहवेना.

"साहेब, ह्यो खाली काय सोडतो?"

"आवाज."

"मला तर ऐकू येत न्हाय."

"माणसाला ऐकू येणार नाही इतका बारीक आहे. तो तळावर आपटतो आणि परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला ते मशीन मोजतं. त्याचं निम्मं केलं की खोली."

"म्हंजी ह्यो हाक मारतो आन् तळ ओ देतो."

"तसं म्हणा."

"आन् काठाला, उथळ पाण्यात?"

"तीन फुटांच्या आत याला कळत नाही. हाक संपायच्या आधीच उत्तर येतं, दोन्ही एकात मिसळतात."

"गुडघाभर पाण्यात म्हशीला कळतं की साहेब," शंकरप्पा म्हणाला. साहेब हसले. माणूस चांगला होता.

मग साहेबांनी मशीनची परीक्षा घेतली. लोखंडी थाळी साखळीने बरोबर दहा फूट खाली सोडली. रेघ दहावर यायला हवी होती, ती दहाच्या किंचित पलीकडे आली. साहेबांनी एक चकती थोडी फिरवली. "पाणी थंड आहे. थंड पाण्यात आवाज हळू चालतो, तेवढं सांभाळून घ्यावं लागतं." रेघ दहावर आली. थाळी वीस फुटांवर नेली, रेघ विसावर. दोरी भिजवून घ्यावी लागते तसेच हे, शंकरप्पाच्या मनात आले, आणि त्याला त्या पेटीबद्दल आपुलकी वाटू लागली. पुढच्या दोन दिवसांत त्याने साहेबांची नजर चुकवून बारा ठिकाणी आपली दोरी टाकून पाहिली. बाराही ठिकाणी मशीन आणि दोरी यांच्यात तीन बोटांपेक्षा जास्त फरक नव्हता.

"खोटं बोलत न्हाय गडी," त्याने घरी बायकोला, शांतम्माला, सांगितले.

"मग तुमाला घरी बसवतील," शांतम्मा म्हणाली.

"बसवायलाच लागल्यात. एकोणतीस तारखेला."

पण मशीन चौदा नंबरवरून गेले तेव्हा कागदावर वीस फूट आले. शंकरप्पाने झेंडा धरल्या धरल्या "अठ्ठावीस" असे सवयीने म्हटले. मोटारीच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही.

मोजणी संपल्यावर साहेब कचेरीत जुन्या नोंदवह्या उघडून बसले. एकवीस रेषांवर सगळे जुळत होते. गाळ दर वर्षी चढत गेलेला दिसत होता, चार बोटे, सहा बोटे, जसे व्हायला हवे तसे. फक्त चौदा नंबरवर अकरा वर्षे तोच आकडा, अठ्ठावीस. ना बोटभर कमी ना बोटभर जास्त. मशीन म्हणत होते वीस. कोणताही सरळ माणूस काढील तोच अर्थ साहेबांनी काढला: मोजणाऱ्याने तिथे होडी नेलीच नाही, मागच्या वर्षीचा आकडा सांगून मोकळा झाला. आणि शेऱ्याचा रकाना पाहिला तेव्हा त्यांची खात्रीच पटली. मोजणाऱ्याच्या नावापुढे अकरा वेळा लिहिले होते: आळ.

नऊ फेब्रुवारीला, सोमवारी, शंकरप्पाच्या हातात मेमो पडला. त्याला मराठी अक्षरे जोडून वाचायला वेळ लागे, म्हणून हेडक्लार्क शिवयोगी यांनी तो वाचून दाखवला. शिवयोगी बार्शीहून दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. आडनावापासून धोतराच्या काठापर्यंत सगळे नीट, आणि कचेरीत शिरताना कन्नड चपलेबरोबर बाहेर काढून ठेवणारे. साहेब समोरच खुर्चीत होते.

"ऐक. 'रेषा क्रमांक चौदा येथील मोजमापे प्रत्यक्ष न घेता नोंदविल्याचे दिसून येते. पूर्वीच्या कर्मचाऱ्यांनीही आपल्यावर सदर ठिकाणी वेळोवेळी आळ नोंदविलेला आहे. आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा आपली सर्व मोजमापे अविश्वसनीय समजून तशी नोंद सेवापुस्तकात घेण्यात येईल.' कळलं का?"

शंकरप्पाने मान डोलावली. "आळ नोंदवलाय ते बरोबर हाय की."

शिवयोगींनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे तुला मान्य आहे?"

"मान्य म्हंजी? चौदाला आळ हायच. लई जुना हाय. माझ्या आदीपासनं हाय."

"आणि अकरा वर्षं कोणी काही केलं नाही?" साहेबांनी विचारले.

"काय करणार साहेब? आळ असला की त्याचा उपेगच होतो. बहात्तर साली सगळं पिंपळदरी त्या आळावर जगलं."

साहेब शिवयोगींकडे पाहू लागले आणि शिवयोगी मेमोकडे. मग हेडक्लार्कच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडले. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कचेरीत कन्नड बोलले. "एष्टु आळ?" म्हणजे किती खोल.

"इप्पत्तेंटु," शंकरप्पा म्हणाला. अठ्ठावीस.

शिवयोगी मागे टेकले. "साहेब, हा आळ तो आळ नाही. कानडीत आळ म्हणजे खोली. चनबसप्पांनी शेऱ्यात 'खोल जागा' असं लिहिलंय."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी मेमो घेतला, मधले वाक्य स्वतःच्या पेनाने खोडले आणि मग थोडे हसलेही. पण मेमो परत टेबलावरच ठेवला. "शब्दाचं समजलं, शंकरप्पा. माझी चूक. पण आकड्याचं काय? मशीन वीस म्हणतंय."

"चला साहेब, आत्ता चला. दोरी टाकून दावतो."

"दोरीनं दोरीची साक्ष कशी चालेल? होडी वाहवली, दोरी तिरकी गेली, की विसाचे अठ्ठावीस भरतात. मशीन बाकी एकवीस ठिकाणी बरोबर आहे. तुम्हीच मघाशी शिपायाला सांगत होतात, खोटं बोलत नाही म्हणून."

"व्हय. त्ये तर खरंच हाय."

"मग? मशीननं अठ्ठावीस दाखवले तर मी हा कागद फाडीन. नाहीतर मला लिहावं लागेल."

शंकरप्पा बाहेर येऊन कचेरीच्या ओट्यावर बसला. लिहावे लागेल म्हणजे काय, ते त्याला समजले होते. चौदा नंबर खोटा ठरला की उरलेले एकवीसही खोटे. तीस वर्षांत गोळा किती वेळा खाली गेला असेल आणि वर आला असेल त्याचा हिशेब त्याने कधी ठेवला नव्हता, पण एकदाही त्याने वर बसून आकडा सांगितला नव्हता. आणि आता जाता जाता सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानावर हे येणार होते. बरे, ज्याच्यामुळे येणार त्या पेटीचा राग धरावा तर तीही खरेच बोलत होती. दोन खरी माणसे भांडायला लागली की पंचाची पंचाईत होते, तसे झाले होते.

त्याचे घर कुंभार वेशीजवळच्या एका चाळीत होते. ओळीने सहा बिऱ्हाडे, पुढे सलग ओटा. ओट्याच्या तोंडाशी मायाक्का राहायची. चाळीत कोण आले, कोण गेले, कोणाकडे काय शिजले, सगळे तिच्या नाकासमोरून जात असे. शंकरप्पा मंगळवारी संध्याकाळी घरी आला तो विचारातच. सवयीने त्याने गल्लीच्या तोंडाशीच हाक दिली.

"शांतम्मा, हाय का घरात?"

"न्हाय, नळावर गेलिया," मायाक्काने जागेवरूनच ठणकावले.

शंकरप्पा पायरीवर टेकला. पाच मिनिटांनी शांतम्मा आतल्या खोलीतून पदराला पीठ पुसत बाहेर आली. "हाक मारता आन् हितंच बसता व्हय? मी ओ दिली की."

"मायाक्का म्हणाली तू नळावर हायेस."

"मायाक्का सकाळचं सांगती. तुमी तिचंच ऐकता. जवळची बाई पयल्यांदा बोलती, म्हणून घरातली बोलतच न्हाय असं व्हतं का?"

"मोठ्यानं बोलायचं की मग."

"आतल्या खोलीतनं किती मोठ्यानं बोलू? भाकरी थापत होते. तुमीच कान मोठा करा की जरा."

मायाक्का आपल्या ओट्यावरून म्हणाली, "मला काय बोलायचं असंल ते तोंडावर बोल, शांतम्मा." त्यावर शांतम्माने जे उत्तर दिले त्याने चाळीची पुढची दहा मिनिटे मजेत गेली. शंकरप्पाने त्यातला एक शब्दही ऐकला नाही. तो पायरीवर बसून एका हाताच्या खोलगट पंजाकडे पाहत होता. पंजा त्याने उलटा धरला, मग त्याच्याखाली दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत फट केली.

बुधवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी तो साहेबांच्या दारात उभा.

"साहेब, एक इचारू? मशीनची हाक सरळ दोरीवानी खाली जाती, का पसरती?"

"पसरते. कंदील वर टांगला की खाली उजेडाचं गोल पडतं, तशी. वीस फुटांवर म्हणाल तर आठ-नऊ फुटांचं गोल होईल."

"आन् माझा आळ पाच फुटांचा." शंकरप्पाने उलटा पंजा आणि त्याखाली बोटांची फट धरून दाखवली. "म्हंजी हाक मारली की आळाच्या दोन्ही काठाला बी ऐकू जाती. त्ये जवळ. त्ये आदी ओ देत्यात. आळाचा तळ लांब, त्यो मागनं ओ देतो. तुमची मशीन पयल्या ओ नंतर ऐकती का, का माझ्यागत पायरीवर बसती?"

साहेबांना पायरीचे काही कळले नाही, पण बाकीचे कळले. ते हळू आवाजात म्हणाले, "ऐकते. सगळं कागदावर येतं. पण मागचं उत्तर फार बारीक असलं तर सुई कागद भाजत नाही. आणि मी आवाज पकडायचं बटण कमी ठेवलंय. वाढवलं की कागदावर काळे ठिपकेच ठिपके येतात, रेघ स्वच्छ येत नाही."

"म्हंजी कान तुमीच बारीक केलाय."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिले. "शंकरप्पा, उद्या बोट काढा."

गुरुवारी, बारा तारखेला, सकाळी सांडव्यापर्यंत भरलेला तलाव आरशासारखा होता. शिवयोगींनाही यायचे होते. त्यांनी बोटीत बसताना धोतर गुडघ्याच्या वर घेतले आणि मग दोन्ही हातांनी बोटीची कड धरली ती परत येईपर्यंत सोडली नाही. चौदा नंबरच्या दगडांच्या रेषेत आल्यावर शंकरप्पाने मोटार बंद करायला सांगितली आणि वल्हे हातात घेतले. पाटाला पाणी सोडायच्या मोरीच्या मनोऱ्याचे टोक आणि पलीकडच्या मारुतीच्या देवळाचा झेंडा एकामागे एक आले की खाली आळ. पण एकामागे एक म्हणजे अगदी एकामागे एक. तो बोट एक हात पुढे घेई, वीतभर मागे घेई, मान वाकडी करून पाही. शेवटी पुढून-मागून दोन नांगर टाकले आणि बोट खिळ्यासारखी उभी केली.

"हाय आता."

मशीन सुरू झाले. रेघ: वीस. काळी, जाड, स्वच्छ.

शंकरप्पाने साखळी सोडून लोखंडी थाळी आपल्या ओल्या दोरीला बांधली होती. ती खाली गेली. लाल सूत दोनदा, हिरवे दोनदा हातातून गेले. दोरीवर दहा, कागदावर दहा. एकोणीसला एकोणीस. मग थाळी घळीत उतरली. दोरीवर चोवीस. कागदावर वीसची काळी रेघ, आणि तिच्याखाली कोरा कागद.

"दिसत नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याची छटा होती.

"कान मोठा करा की."

साहेबांनी बटण फिरवले. सुई तडतडू लागली. कागदावर पाखरांनी चिमण्या पावलांनी नाचावे तसे ठिपके उमटले. जळका वास वाढला. साहेबांनी आणखी फिरवले. आणि जाड रेघेच्या खाली, ठिपक्यांच्या गर्दीत, चोवीसच्या आसपास एक फिकी करडी रेघ उमटू लागली. पुसट, तुटक. रेघ म्हणावी की डाग, असा प्रश्न पडावा.

"हा मळ असू शकतो," साहेब म्हणाले.

शंकरप्पाने दोरी दोन फूट वर ओढली. करडी रेघ दोन फूट वर आली. चार फूट खाली सोडली. रेघ चार फूट खाली गेली. काळी रेघ विसावर जागची हलली नाही, आणि तिच्याखाली ती करडी रेघ, दोरीला बांधलेल्या वासरासारखी, शंकरप्पाच्या हाताबरोबर वर-खाली होत राहिली.

साहेबांनी हात पुढे केला. "माझ्याकडे द्या."

तीस वर्षांत शंकरप्पाने पहिल्यांदाच ती दोरी दुसऱ्याच्या हातात दिली. "हळू. ओली हाय," एवढेच म्हणाला. साहेबांनी स्वतः दोनदा वर ओढली, दोनदा खाली सोडली, डोळे कागदावर. मग थाळी वर काढून घेतली. तिच्याबरोबर करडी रेघही वर आली आणि काळ्या रेघेत मिसळून गेली. पण तिच्या जागेच्या खाली, आता वाट मोकळी झाल्यावर, आणखी एक पुसट पट्टा उरला होता. साहेबांनी त्यावर नख ठेवले आणि आकडा पाहिला.

"अठ्ठावीस."

"व्हय."

साहेबांनी पिशवीतून मागच्या आठवड्याची गुंडाळी काढली, चौदा नंबरपाशी उलगडली. तिथे वीसच्या रेघेखाली तीन बारीक ठिपके होते. त्यांना लाल पेन्सिलीने गोल करून साहेबांनीच बाजूला लिहिले होते: 'डाग. सोडून द्यावा.' त्यांनी ते शिवयोगींना दाखवले. शिवयोगींनी बोटीची कड न सोडता मान पुढे केली आणि मान हलवली.

"एक मात्र कळलं नाही," साहेब म्हणाले. "सगळीकडे गाळ साचतोय. इथे अकरा वर्षं बोटभरही नाही. असं कसं?"

शंकरप्पाने गोळा सोडला, टेकवला, वर घेतला आणि बूड साहेबांपुढे धरले. मेणाला काळा गाळ नव्हता. जाडी वाळू आणि दोन लाल खडे होते. "म्होरं मोरी हाय न्हवं? पाटाला पाणी सोडलं की हितनं ओढा वाहावा तसं जोरात जातं. गाळ ऱ्हातच न्हाय. दर साली आळ धुऊन निघतो साहेब."

"निघाला खरा," शिवयोगी म्हणाले.

बोटीत एक फडके सुटले. शांतम्माने कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली होती, दोघांपुरती. तिघांनी खाल्ली. साहेबांच्या डोळ्यांत चटणीने पाणी आले. त्यांनी शंकरप्पाकडून मोरीचे टोक आणि मारुतीचा झेंडा ही खूण वहीत लिहून घेतली, आणि दोरीला पाणी का पाजतात हेही लिहून घेतले.

कचेरीत परतल्यावर साहेबांनी अहवालातले चौदा नंबरचे पान पुन्हा लिहिले. यंत्राचे मोजमाप वीस फूट, दोरीचे अठ्ठावीस. घळ अरुंद असल्याने यंत्राच्या पहिल्या प्रतिध्वनीत तळ सापडत नाही. दोरीचे मोजमाप ग्राह्य धरावे. शेऱ्याच्या रकान्याशी त्यांचे पेन क्षणभर थांबले. मग त्यांनी चनबसप्पांसारखेच लिहिले: आळ. पुण्यात वाचणाऱ्यांचे काय होईल याचा विचार त्यांनी केलेला दिसला नाही.

मेमो फाडायला त्यांनी हातात घेतला तेव्हा शिवयोगी आडवे आले. "साहेब, फाडता येणार नाही. जावक नंबर पडलाय. जावक झालेल्या मेमोला खुलासा आलाच पाहिजे, तरच तो बंद होतो."

"मग खुलासा घ्या."

शिवयोगींनी कोरा कागद पुढे ओढला, तारीख घातली आणि शंकरप्पाला खुर्चीत बसायला सांगितले. इतक्या वर्षांत कचेरीतल्या खुर्चीत तो पहिल्यांदा बसत होता, त्यामुळे अर्ध्यावरच बसला.

"बोल, काय लिहू?"

शंकरप्पाने मिशीवरून हात फिरवला. खिडकीतून ओट्यावर वाळत घातलेली त्याची दोरी दिसत होती, लाल-हिरव्या सुतांची.

"ल्ह्या," तो म्हणाला. "आळ मान्य हाय. अठ्ठावीस फूट."

शिवयोगींनी तसेच लिहिले, एक अक्षर न बदलता, आणि सही करायला पेन त्याच्या हातात दिले. शंकरप्पाने कन्नडात सही केली.